आक्काच्या विहिरीबद्दल विचारलं तेव्हा

हे मी आमच्या हिलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि हिला न विचारता मी साधी चप्पल घेत नाही, म्हणजे बघा. पोटात ठेवून फिरतोय — जेवतोय, झोपतोय, लोकांच्या लग्नात जाऊन जिलब्या खातोय. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, आक्काला ओळखत नाही, उद्या नाक्यावरच्या टपरीवर मला गाठून विचारणार नाही — एवढंच कारण असेल. नाहीतर वय झालं म्हणा. म्हणा काहीही.

खरं तर मी तोंडाळ माणूस. कारखान्यात होतो तेव्हा युनियनच्या सभेत मला माईक लागायचा नाही. रिटायर झाल्यावर लोकांनी पंचायतीत निवडून दिलं तेही या तोंडासाठीच — काका बोलतात, काका कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. पंचायतीच्या पाणीपुरवठा समितीचा मी अध्यक्ष. नळ उशिरा आला, गढूळ आला, आलाच नाही, की शिव्या मला. आणि मीही उलट दोन हासडणारा. असा माणूस एक गोष्ट गिळून बसलाय असं कुणी सांगितलं, तर गावात कुणाला पटायचं नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई दिवसभर शेतावर, म्हणून मी वाढलो तो आक्काच्या कडेवर. माझ्यापायी तिची शाळा चौथीत सुटली. ती हे कधी बोलून दाखवत नाही — मीच सांगतोय. तिला दिली ती गावातच. आमचं गाव चौल सोडलं की रेवदंड्याच्या अलीकडे. रस्त्याच्या पूर्वेला भातशेती आणि आमची घरं, पश्चिमेला नारळ-सुपारीच्या वाड्या, वाड्यांच्या मागं सुरूचं बन आणि मग समुद्र. आक्काचं सासर पश्चिमेला, पार शेवटची वाडी. समुद्र इतका जवळ, आणि तरी तिच्या विहिरीचं पाणी गोड. गोड म्हणजे काय सांगू — डाळ बोटचेपी शिजायची त्या पाण्यात. शाळा सुटली की मी घरी न जाता आधी तिच्या वाडीत जायचो. ती कळशी तिरकी करायची, मी ओंजळ धरायचो, आणि निम्मं पाणी माझ्या सदऱ्यावर. 'पी रे बाबू, सावकाश पी, विहीर पलून न्हाय चालली,' असं म्हणायची.

बाबू. अजून बाबूच म्हणते. साठी उलटली माझी.

तर अशी ही बहीण, आणि तिच्याशी मी भांडलो. कशावरून म्हणाल? हसाल तुम्ही. अक्षतांवरून.

माझ्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं म्हणजे घरी जायचं, हातात अक्षता द्यायच्या, कुंकू लावायचं, 'यायचं बरं का' म्हणायचं. कार्ड, मोबाईल ते परक्यांसाठी. त्यात आक्का म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या. हळदीचा पहिला हात आत्याचा. आणि मी — गावभर, तालुकाभर अक्षता वाटत फिरलो आणि सख्ख्या बहिणीला मोबाईलवर पत्रिका पाठवली. का? कारण ती घरचीच. तिला काय आमंत्रण द्यायचं? हे माझं म्हणणं. तिचं म्हणणं, घरच्यांना आधी. ती तिकडे ओसरीवर बसून वाट बघत होती, नवीन लुगडं काढून ठेवून, आणि मी तिच्या वाडीवरून मोटरसायकल घेऊन दोनदा गेलो, हॉर्न वाजवून. हळदीला ती आली नाही.

मांडव भरलेला. सगळे विचारतायत, आत्या कुठाय, आत्या कुठाय. माझं डोकं सटकलं. भर मांडवात मी ओरडलो की आजपासून त्या घरचं पाणी मी पिणार नाही.

हे तुम्हाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे नसतं हो ते. बोलणं बंद होतं, पुन्हा सुरूही होतं — रस्त्यात समोरासमोर आलं की तोंडातून निघूनच जातं. पण पाणी बंद म्हटलं, आणि तेही चारचौघांत, की ते सोडवायला मध्ये माणसं घालावी लागतात. आमच्या दोघांच्यात मध्ये पडायला कोण धजणार? मी असा, आणि आक्का माझीच बहीण. भाऊबीज आली तशी गेली. ही म्हणाली, 'जाऊन या ना हो, तुमचं काय झिजतंय?' मी पेपर वाचत बसलो. तोच पेपर सकाळी वाचलेला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी तो प्रस्ताव आला.

आक्काच्या वाडीला लागून एक पडीक वाडी होती. मालक मुंबईला, त्याला कुणी गिऱ्हाईक भेटलं. तिथं वीकेंडचे बंगले बांधायचे होते — एका रांगेत, गॅलरीतून सुरूचं बन दिसेल असे, मध्ये पोहण्याचा तलाव. पंचायतीची हरकत नको, म्हणून कागद आमच्याकडे. नकाशा मी स्वतः पाहिला. प्रत्येक बंगल्याला सेप्टिक टाकी, आणि टाकीतलं पाणी जमिनीत जिरायला मागं शोषखड्डा. सगळे खड्डे ओळीनं आक्काच्या कुंपणाला लागून. कारण दुसऱ्या अंगाला तलाव दाखवला होता.

आता एवढं माझ्यासारख्यालाही कळतं की आमची जमीन वाळूची. वाळूत पाणी थांबत नाही. इकडे ओतलं की तिकडे निघतं. म्हणून तर नियम आहे ना — पिण्याची विहीर जवळ असेल तर शोषखड्डा लांब घ्यायचा. खड्डे इकडून तिकडे, तलाव तिकडून इकडे — नकाशात फिरवायचं काम. तेवढंच होतं. मी हे वारंवार स्वतःला सांगत असतो की एवढंच होतं.

तालुक्याहून पाहणीला साहेब आला. साहेब कसला, पोरगाच. नवीन नोकरी, डोक्यावर रुमाल, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पंचायतीतर्फे त्याच्याबरोबर कोण? पाणी समितीचा अध्यक्ष. मी. बाकीच्यांना जेवायची घाई होती, ते गाडीपाशी थांबले. तो मात्र पडीक वाडीत शेवटपर्यंत चालत गेला. टेप धरला, खुणा केल्या. मग कुंपणापाशी थांबला. पलीकडे सुपाऱ्यांच्या मधून आक्काच्या विहिरीचा काठ दिसत होता.

त्यानं विचारलं, 'काका, ती विहीर पिण्याच्या वापरात आहे का?'

थांबा. इथं मला जरा थांबू द्या.

हे मी मनातल्या मनात कितीतरी प्रकारे सांगून पाहिलंय. एक प्रकार असा — ऊन मी म्हणत होतं, मी दमलो होतो, भूक लागली होती. खरं आहे, लागली होती. दुसरा असा — घरोघरी नळ आलेलाच आहे, वाड्यांमधल्या विहिरी आज ना उद्या सुटणारच, मग काय फरक पडतो? हेही मला तेव्हा सुचलं होतं, खोटं नाही. पण खरं सांगू? मला भीती वाटली. कशाची — तांब्याची! हसा. 'हो' म्हटलं असतं तर तो पोरगा म्हणाला असता, चला, अंतर मोजू. म्हणजे आक्काच्या वाडीत जायचं. आणि वाडीत आलेल्या माणसाला आक्का पाण्याशिवाय सोडत नाही. वैरी आला तरी आधी तांब्या, मग वैर. ती बाहेर येणार, साहेबाला पाणी देणार, मग तांब्या माझ्यापुढे धरणार. घेतला तर भर मांडवातला माझा शब्द गेला. नाही घेतला तर परक्या माणसासमोर बहिणीचा अपमान. आणि ती माझ्याकडे बघणार — ती कशी बघते ते तुम्हाला माहीत नाही. म्हणजे मला एक तांब्या चुकवायचा होता. कारखान्याच्या मॅनेजरला भर गेटवर अडवणारा मी.

मी म्हटलं, 'नाही साहेब. पडीक आहे ती.'

त्यानं विहिरीकडे पाहिलं. काठ स्वच्छ होता, धुतलेला. त्यानं पुन्हा विचारलं, 'नक्की ना, काका? दोर दिसतोय तिथं.' तो पोरगा नीट काम करत होता हो. मी म्हटलं, 'झाडांना लावतात. प्यायला नळ आहे.'

झालं. आम्ही परत फिरलो.

इथपर्यंत मी याआधीही आलोय — मनात. इथं आलो की मी स्वतःला म्हणतो, भित्रेपणा झाला, माणूस आहे, होतं. पण तेवढंच नव्हतं ना! अजून एक होतं आणि ते सांगण्यासाठीच ही सगळी वळणं घेतोय. परत फिरताना, गाडीपर्यंत येईतो, मला बरं वाटलं. समजतंय का? बरं वाटलं. आतल्या आत कुणीतरी म्हणालं — घे. हळदीला येत नाहीस ना, घे आता, लाव नाकाला पदर. विहिरीचा भारी तोरा आहे ना तुला. नळाच्या पाण्याला ती 'दवाखान्याचं पानी' म्हणायची, तोंडात घेऊन थुंकायची, आणि आल्यागेल्याला आपलं पाणी पाजून 'कसं हाय?' विचारायची. मला तिचा तो तोरा त्या दिवशी मोडावासा वाटला. माझ्या आक्काचा. जिच्या कडेवर मी वाढलो तिचा. फार वेळ नाही राहिलं ते मनात, घरी येऊन जेवेपर्यंत गेलंही. पण आलं होतं. माझ्याच मनात आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

बंगले झाले. सुंदर झाले, नावं ठेवायला जागा नाही. शनिवार-रविवार गाड्या लागायच्या, गाणी, माणसंच माणसं. गावातल्या बायकांना कामं मिळाली. मी स्वतःला म्हणालो, बघ, काही झालं नाही. आणि खरंच, सुरुवातीला काही झालं नाही.

मग आक्काचा निरोप आला. माझ्याकडे नाही — पंचायतीत. विहिरीच्या पाण्याला वास मारतो, जरा बघा. समितीचा अध्यक्ष म्हणून निरोप माझ्याच टेबलावर. मी काय केलं? पाणीवाल्या कामगाराला जंतू मारायची टीसीएल पावडर घेऊन पाठवलं. टाक म्हटलं विहिरीत आणि ये. तो टाकून आला, म्हणाला, 'काका, आत्याबाई विचारत होत्या तुम्ही का नाय आले.' मी म्हटलं, मला दुसरी कामं नाहीत काय? खेकसलोच त्याच्यावर. बिचारा निघून गेला.

त्यानंतर तिची नात आजारी पडली, पहिलीत जाणारी. डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. आमच्याकडे कावीळ म्हटली की आधी गावठी औषध, मग डॉक्टर. आणि कावीळ म्हणजे उष्णता, हे आक्काच्या डोक्यात पक्कं. म्हणून तिनं पोरीला दिवसभर आपल्या विहिरीचं गार पाणी पाजलं. वाटीनं, चमच्यानं, गोष्टी सांगून सांगून. नळाचं नको गो तिला, नळाचं बाधंल. असं सुनेला म्हणायची. हे मला हिनं येऊन सांगितलं — ही गेली होती बघायला, मी नव्हतो गेलो. ही सहज सांगत होती आणि माझा घास तोंडात तसाच. मी तेव्हा उठून धावत जायला हवं होतं की नको? 'पाजू नका ते पाणी' एवढे तीन-चार शब्द होते. मी पानावरून उठलो, हात धुतले, आणि झोपाळ्यावर जाऊन बसलो. पोरीला शेवटी अलिबागला नेलं, पोरगी वाचली. तिच्यामागोमाग आक्का पडली.

आक्का पडली म्हटल्यावर मात्र मी गेलो. चपला कुठल्या घातल्या तेही बघितलं नाही.

आत शिरलो तर ती खाटेवर. डोळे हळदीसारखे. एवढीशी झालेली. मला बघितलं आणि उठायला लागली, सुनेनं धरलं. आणि पहिलं काय म्हणाली असेल? 'का आलास' नाही. 'इतके दिवस कुठं होतास' नाही.

'मामांना पानी दे गो. उन्हाचा आलाय तो.'

सुनेनं तांब्या आणला. त्याच विहिरीचं पाणी. मला माहीत होतं त्यात काय आहे — त्या घरात फक्त मला माहीत होतं. सून बघतेय, आक्का बघतेय, शेजारची बाई दारात उभी राहून बघतेय, कारण सगळ्यांना मांडवातलं माझं बोलणं पाठ. नको म्हणावं तर यांना वाटणार, बहीण मरायला टेकली तरी याची आढी जात नाही. आणि का नको ते सांगावं, तर... तर मग सगळंच सांगावं लागणार.

मी प्यायलो. गटागटा प्यायलो, तांब्या पालथा केला. शेजारीण डोळ्यांना पदर लावायला लागली. आक्का हसली — त्या पिवळ्या डोळ्यांनी. म्हणाली, 'झालं बाबा. सुटलं एकदाचं.' निघताना दारात सुनेला हळूच म्हटलं, पाणी उकळून घ्या, दिवस वाईट आहेत. दिवस वाईट आहेत म्हणे! मी दिवसांवर ढकललं.

मला काहीही झालं नाही. साधं पोटसुद्धा दुखलं नाही. देवाला तेवढंही सुचलं नाही.

आक्काला अलिबागला मीच घेऊन गेलो, तिथं तिच्याजवळ मीच बसलो. तोंड कडू झालेलं, तिला मऊ भात भरवायचा तर दोन घासांवर तोंड फिरवायची. मी तिला दरडावायचो, ती हसायची, म्हणायची, 'लहानपनी मी तुला असंच दरडवायची.' माझ्या आयुष्यातले ते दिवस फार गोड होते, हे सांगायलाही लाज वाटते. बहीण मिळाली मला परत. आणि ती कशामुळे आजारी पडली? विचार आला की मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन उभा राहायचो.

ती घरी आली, पण पूर्वीची आक्का नाही आली. अंगात बळच नाही. सुपारी सोलायला बसली की मध्येच भिंतीला टेकते. विहिरीचं पाणी तपासलं — पिण्याचं नाही म्हणाले. झाडांना चालेल. सुनेनं विहिरीवर जाळी टाकली. आक्का एवढंच म्हणाली, 'माज्या हातचं पानी पोरीला बाधलं.' तिला वाटतं तिच्या हातचं. ते ऐकून मी गप्प बसलो. आता तुम्हीच मोजा मी कितीदा गप्प बसलो ते, मी सोडलंय मोजायचं.

गाव मात्र पेटलं. बंगल्यांच्या फाटकावर माणसं जमली. मी तेव्हा गप्प नव्हतो, छे! तिथं माझं तोंड व्यवस्थित चाललं. मोटरसायकलवर उभा राहून भाषण केलं. तालुक्याचे साहेब लोक पंख्याखाली बसून सह्या करतात, त्यांना विहीर दिसत नाही, माणूस दिसत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बोलता बोलता मला तो पोरगा दिसत होता — रुमाल बांधलेला, उन्हात कुंपणापाशी उभा, दुसऱ्यांदा विचारणारा. त्याची बदली झाली होती. मागाहून कळलं, त्याच्यावर चौकशी लागली. त्यानं माझं नाव सांगितलं असेल, नसेल; माझ्यापर्यंत काही आलं नाही. चौकशीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता रोज सकाळी मी आक्काकडे पाणी नेतो. आमच्या पूर्वेकडच्या विहिरीचं, मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन अडकवून. पाऊस असो, ताप असो, मुलाकडे मुंबईला गेलो तर दुसऱ्या कुणाला सांगून जातो. गावातल्या बायका भावांना माझं उदाहरण देतात. आक्का माझ्यासाठी चहा ठेवते, माझ्याच पाण्याचा, आणि आल्यागेल्याला सांगते, भाऊ असावा तर असा. माझं पाणी चाखून म्हणते, 'चांगलं हाय. पन माज्यासारखं न्हाय.' मग दोघं हसतो. मी हसतो हो तिच्याबरोबर. त्या वेळी खरंच हसू येतं.

एकदा तिनं स्वतःहूनच विषय काढला. मी बरोबर होतो पाहणीला हे तिला ठाऊक होतं, गावात काय लपतं? मला वाटलं, आली वेळ. हातातला कप मी खाली ठेवला. ती म्हणाली, 'तू सांगितलं असशील रे त्यांना. पन आपलं कोन ऐकतो?' एवढं म्हणून ती चहा गाळायला लागली. म्हणजे कळलं का? माझ्यासाठी खोटं तिनंच तयार केलं आणि माझ्या हातात दिलं. मला ते रचायचीसुद्धा तसदी पडली नाही. मी मान हलवली. हो अशीही नाही, नाही अशीही नाही. पण तिनं ती हो अशीच घेतली, आणि तिनं तशी घ्यावी अशीच मी हलवली होती.

मागल्या महिन्यात ग्रामसभा झाली. बंगल्यांच्या पलीकडची वाडीही आता विकली गेलीय. तिथंही बांधायचंय, नकाशा आलाय, पाहणी व्हायचीय. पलीकडे अजून तीन घरांच्या चालू विहिरी आहेत. या वेळी लोक सावध. पंचायतीतर्फे पाहणीला कोण जाणार यावरून खडाजंगी सुरू झाली. एक म्हणतो सरपंचांनी जावं, एक म्हणतो बाहेरचा माणूस आणा. मी मागच्या खुर्चीवर, आक्का माझ्या शेजारी. तिला सभेला यायचं नव्हतं, मीच आणली होती मोटरसायकलवरून.

ती उठली. खुर्चीचा हात धरून हळूहळू उठली, आणि उभी राहिली म्हटल्यावर सगळे गप्प झाले. आक्काला गावात मान आहे.

म्हणाली, 'माज्या भावाला धाडा. मागच्या येळंला ह्यानं सांगितलं, पन कुनी ऐकलं न्हाय. आता तरी ह्याचं ऐका. हा खोटं बोलायचा न्हाय.'

 मग सरपंचांनी मान डोलावली, मग बाकीच्यांनी, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या तीन घरांतली माणसंही तिथंच होती, पुढच्या रांगेत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

मी उभा राहिलो. म्हटलं, 'जातो.'

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहानपणी फिरवायची तसा, आणि मी तो फिरवू दिला.